"हिला शुगर आहे, साखर देऊ नका"

अन्याय झाला तो माझ्यावर. वय बावीस, वस्तीच्या पाणी समितीची पत्रकं लिहिणारी, रोज सकाळी इन्सुलिनची सुई टोचून घेणारी मुलगी. कधी झाला तेही सांगते. एकोणीसशे शहाऐंशीच्या मे महिन्यात, घाटकोपरला, आमच्या उपोषणाच्या शेवटच्या दुपारी. केला आमच्याच माणसांनी, आमच्याच मांडवात, आमच्याच बॅनरखाली. नावं देत नाही. नाव दिलं की लोक त्या एका माणसाला शिव्या घालून मोकळे होतात, आणि घरी जाऊन तोच गाढवपणा करतात.

आधी आजार समजून घ्या, कारण तो कुणालाच समजत नाही आणि सगळ्यांना वाटतं आपल्याला समजला. सकाळी काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची, औषधाची बाटली माठाजवळच्या गारव्यातून काढायची, मांडीत सुई मारायची. एकदा औषध आत गेलं की ते आपलं काम करत बसतं. त्याला मोर्चा कळत नाही, उपोषण कळत नाही, साहेबांची गाडी कुठे अडकली आहे तेही कळत नाही. वेळेवर पोटात भाकरी गेली नाही तर रक्तातली साखर उतरत जाते, आणि फार उतरली तर माणूस मरतं. सातवीतल्या पोराला समजेल इतकं सोपं आहे. आमच्या समितीत दोन ग्रॅज्युएट होते.

पण आपल्या लोकांच्या डोक्यात एकच ओळ छापलेली: शुगर आहे म्हणजे साखर जास्त. जास्त आहे म्हणजे गोड बंद. संपलं ज्ञान. तिच्या पुढचं पान कुणी उलटतच नाही.

घरी वेगळा तमाशा. माझ्या आईने हा आजार सगळ्या आळीपासून लपवला होता. मुलीचं लग्न व्हायचंय ना. सिरिंज उकळताना दार लावायचं, आणि शेजारणीने विचारलं की सांगायचं, अंडी उकडतेय. रोज अंडी. आमच्याकडे कुठून एवढा पैसा आला यावर टेकडीखालच्या नळाच्या रांगेत चर्चा व्हायची. म्हणजे लोकांना आम्ही लाच खातो असं वाटलं तर चालेल, पण मुलीला डायबेटीस आहे असं कळता कामा नये. ही आपली अब्रू.

मी मात्र समितीच्या सेक्रेटरीला सांगितलं होतं. त्याला सगळे दादा म्हणायचे. बँकेत कारकून, भाषणाला उभा राहिला की खिशाला दोन पेनं. पत्रकात माझी वाक्यं खोडून स्वतःची घालायचा आणि मग तीच वाक्यं चुकली म्हणून मलाच ऐकवायचा. उपोषण सुरू व्हायच्या आधी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की मी उपोषणाला बसणार नाही, माईक सांभाळीन, पत्रकं वाटीन, पण दुपारचा डबा मला वेळेवर खावा लागतो, नाहीतर साखर उतरते. त्याने समजूतदारपणे मान हलवली आणि म्हणाला, "अगं, तुझी साखर वाढलेलीच आहे ना? मग थोडी उतरली तर बरंच की. तुला तर उपास औषधासारखा."

आणि हसला. विनोद केला म्हणून नाही, ज्ञान दिलं म्हणून.

मांडव घातला होता पाण्याच्या ऑफिससमोर. बेमुदत बसली होती एकटी आमची सगळ्यांची मावशी. टेकडीवरची म्हातारी, घरात एकटी, जिभेला हाड नाही. बाकीचे पाळीपाळीने दिवसभरापुरते बसायचे. मागणी एकच, टेकडीवर नळ. शेवटच्या दिवशी सकाळी निरोप आला की दुपारी साहेब स्वतः येणार, अधिकाऱ्याकडून लेखी घेणार आणि मावशीचं उपोषण सोडवणार. साहेब म्हणजे आमच्या पक्षाचे मोठे पुढारी. त्यासाठी मोसंब्यांचा रस काढून आणला, मावशीच्या घरच्या स्टीलच्या ग्लासात भरला, वर बशी झाकली आणि टेबलावर ठेवला. टेबलाला पांढरी चादर. जणू लग्नच.

घोळ झाला केळ्यावरून. आदल्या दिवशी साखळी उपोषणाला बसलेल्या एका गड्याने मांडवामागे केळं खाल्लं आणि ऑफिसच्या शिपायाने ते पाहिलं. मग दिवसभर खिडकीतून टोमणे: बसा, बसा, केळी खाऊन बसा. सेक्रेटरीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने फर्मान काढलं की आज मांडवात अन्नाचा कण दिसता कामा नये. सगळ्यांच्या पिशव्या गोळा केल्या आणि वर टेकडीवर समितीच्या खोलीत पाठवून कुलूप लावलं. त्यात माझी शबनम. शबनममध्ये डबा, आणि डॉक्टरांनी कायम जवळ ठेवायला सांगितलेली खडीसाखरेची पुडी.

मी पुन्हा सांगितलं. या वेळी चारचौघांत, आवाज चढवून, पण आईखातर आजाराचं नाव न घेता: मला डबा आत्ता हवा. तो म्हणाला तासाभराचा प्रश्न आहे, साहेब निघालेत, आणि मावशी इतके दिवस उपाशी बसली आहे, तुला एक जेवण लांबवता येत नाही का. झालं. मी खादाड ठरले. बायासुद्धा माझ्याकडे तशाच बघायला लागल्या.

साहेबांची गाडी काही येईना. जेवायची वेळ टळून गेली.

मला लोक आजही शहाणपणाने विचारतात, मग तू उठून घरी का नाही गेलीस? या प्रश्नाची मला किळस आहे. साखर उतरते तेव्हा सगळ्यात आधी अक्कल जाते. ज्या डोक्याने उठून जायचं ठरवायचं, तेच डोकं उपाशी असतं. बुडणाऱ्याला काठावरून विचारा ना, बाबा रे, तू पोहत का नाहीस.

आधी ओठांना मुंग्या आल्या. मग हातातल्या पत्रकाच्या ओळी हलायला लागल्या. मेचं ऊन, अंगाची लाही होत होती, आणि मला घाम आला तो गार. मी माईकवर घोषणा देत होते. "पाणी आमच्या" म्हटलं आणि पुढचा शब्द सापडेना. लोकांनी "हक्काचं" म्हणून पुरी केली. मी पुन्हा म्हटलं, पाणी आमच्या. लोक पुन्हा, हक्काचं. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तेच. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. मला वाटत होतं मी घोषणा पूर्ण देतेय आणि हे बहिरे आहेत. मी त्यांच्यावर चिडले, माईकवरून त्यांना मूर्ख म्हणाले. त्या अवस्थेत तोंडातून निघालेलं तेवढं एक वाक्य खरं होतं.

मग पाय गेले. यापुढचं मला थोडं तुटक आठवतं, बरंचसं मावशीने नंतर सांगितलं.

मला चटईवर आडवं केलं. एक म्हणाली, ऊन लागलं. दुसरी म्हणाली, फिट आली. फिट म्हटल्यावर आपल्याकडे काय करतात ते तुम्हाला माहीत आहे. कुणीतरी समोरच्या गाडीवरून कांदा फोडून आणला आणि नाकाशी धरला. कांद्याने शुद्ध येईना म्हणून चप्पल हुंगवली. स्लीपर होती की चामड्याची, यावर वाद झाला. रबराची चालत नाही म्हणे, चामडंच लागतं. ही विसाव्या शतकातली मुंबई. मी मरत होते, आणि चामडं शोधलं जात होतं.

एका बाईला मात्र वाटलं की पोरगीला काहीतरी प्यायला द्यावं. तिने टेबलावरचा रस उचलला. तेव्हा सेक्रेटरी मध्ये आला. त्या मांडवात माझा आजार माहीत असणारा एकटा तोच, आणि त्याने ते ज्ञान वापरलं. म्हणाला, "खबरदार, रस देऊ नका. हिला शुगर आहे, साखर देऊ नका. विष आहे तिला ते."

बाईने ग्लास खाली ठेवला. शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर ठेवणारच.

मी त्याला दुष्ट म्हणत नाही. दुष्ट माणसाला आपण काय करतोय ते कळतं. पण पुढे त्याने जे केलं ते अडाणीपणाच्या खात्यात टाकता येत नाही. तेवढ्यात वर्तमानपत्राचा फोटोग्राफर पोहोचला. साहेब नाहीत, अधिकारी नाही, फोटो कशाचा काढायचा? सेक्रेटरीने चटईकडे पाहिलं आणि सांगितलं, हिला पुढे घ्या, बॅनरखाली. दोघांनी चटईसकट मला ओढलं. साहेबांसाठी आणलेला हार माझ्या अंगावरून आडवा टाकला. फोटोग्राफरने विचारलं, किती दिवस उपाशी आहेत या? सेक्रेटरी गप्प राहिला. गप्प राहणं ही त्याची सगळ्यात चांगली कला.

मला हालवलं त्यात मी जरा जागी झाले असेन. टेबल आता हाताशी होतं. मला आठवतं ते एवढंच: स्टील, गार, ओलं. मी ग्लास धरला. सेक्रेटरीने माझं मनगट धरलं. आणि मी त्याला चावले. हे मला आठवत नाही, आठवलं असतं तर बरं झालं असतं. मावशी सांगते की अंगठ्याच्या बुडाला चावले, चांगलीच, सोडेचना. तो ओरडला की हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, धरा हिला.

मावशी उठली. इतक्या दिवसांची उपाशी बाई खांबाला धरून उठली आणि त्याला विचारलं, "ग्लास कुणाचा रे?"

तो म्हणाला, मावशी, तुमच्यासाठीच आहे, साहेब आले की.

"माझा ना? मग मी कुणालाही देईन. पोरगी मागतेय. सोड तिचा हात."

त्याने तिला पुन्हा शुगर समजावून सांगायला सुरुवात केली. मावशीला शुगर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, तिला ते ऐकायचंही नव्हतं. तिने माझं डोकं मांडीवर घेतलं आणि घोट घोट रस पाजला. मला गिळता येत होतं हे माझं नशीब. अर्धा रस चटईवर सांडला. उरलेल्यावर मी परत आले. असं परत येताना आधी आवाज येतात, मग उजेड, मग डोकं ठणकतं, आणि मग कळतं की सगळी दुनिया आपल्याकडे बघतेय आणि आपल्या केसांना कांद्याचा वास येतोय.

साहेब त्यानंतर आले. अधिकारी आला, लेखी आश्वासन आलं. उपोषण सोडवायला रस शिल्लक नव्हता, म्हणून टपरीवरून कटिंग मागवली. साहेबांनी मावशीला कटिंग पाजली, हसऱ्या चेहऱ्याने. तो फोटो छापून आला नाही. छापून आला माझा, खाली ओळ: उपोषणकर्त्या तरुणीची प्रकृती खालावली. सकाळी पोटभर नाश्ता केलेली मी उपोषणकर्ती, आणि खरी उपाशी राहिलेली म्हातारी फोटोत फक्त कोपरापर्यंत.

पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर मी होते. शिस्तभंग. रस प्यायले हा एक, सेक्रेटरीला चावले हा दुसरा. त्याने पट्टी बांधलेला हात टेबलावर मांडून ठेवला होता. मी म्हटलं चावल्याची माफी मागते, एका अटीवर. पुढच्या पत्रकाच्या मागच्या बाजूला छापायचं की सुई घेणाऱ्या माणसाची साखर उतरली तर काय करायचं. मजकूर मी लिहून आणला होता, जेमतेम वीतभर.

सेक्रेटरी म्हणाला, "हा तुझा वैयक्तिक प्रश्न आहे. आपण सार्वजनिक प्रश्नावर काम करतो."

मी विचारलं, ही समिती होण्याआधी पाणी काय होतं? ज्याच्या त्याच्या हंड्याचा वैयक्तिक प्रश्नच ना? ठराव झाला की प्रकृतीच्या कारणास्तव मी काही काळ विश्रांती घ्यावी. मला हाकलायलासुद्धा त्यांना माझा आजार उपयोगी पडला.

मग मी तो मजकूर स्वतःच सायक्लोस्टाइल करायचं ठरवलं. आईने कागद हातात धरला, वाचला, घडी घातली. म्हणाली, "खाली नाव नको घालूस गं. एवढंच." मी म्हटलं, आई, त्या दिवशी तू मांडवात असतीस तर साखर मागितली असतीस की अंडी? दुसऱ्या दिवशी सिरिंज उकळताना तिने दार उघडं ठेवलं. शेजारीण आली, पातेल्यात डोकावली, आणि तोंडाला पदर लावून गेली. मांडवापासून कुजबुजत फिरत होतं ते संध्याकाळपर्यंत सगळी टेकडी मोठ्याने बोलायला लागली. आभाळ कोसळलं नाही. एक स्थळ परत गेलं. जाऊ दे. ज्याला सुईची भीती वाटते तो संसार काय करणार.

ते पत्रक मी वाटलं, लोकांनी त्यात भेळ खाल्ली. म्हणून इथे पुन्हा लिहिते, आणि हे तुम्हाला सांगतेय, शेजाऱ्याला नाही. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला घाम फुटला, हात थरथरले, तो बरळायला किंवा विनाकारण भांडायला लागला, तर त्याच्या तोंडात साखर घाला. आधी साखर, मग चौकशी. शंका असली तरी साखर. गिळता येत नसेल, शुद्ध नसेल, तर तोंडात काहीही ओतू नका. कुशीवर वळवा, रिक्षात घाला, आणि दवाखान्याच्या दारातच ओरडून सांगा की हा सुई घेतो. कांदा भज्यांना ठेवा.

हळहळू नका, तुमची हळहळ मला नको. तुमच्या घरात, तुमच्या ऑफिसात, तुमच्या मंडळात कोण सुई घेतं हे तुम्हाला माहीत नसेल, तर ते लपवायला लावणारे तुम्हीच आहात. जा आणि विचारा. साखर कुठे ठेवतोस, हेही विचारा, आणि ती जागा घरातल्या सगळ्यांना दाखवा. आज संध्याकाळी. उद्या नको.