अकरा जणींचं आवतण

दुपारचा डबा खाऊन झाला की मंदाकिनी पिदूरकर खाणीवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये बाकावर घटकाभर आडवी होते. आज डोळा लागेल असं तिला वाटत नाही. सकाळी केलेली एक सही छातीवर बसून आहे.

खाण बंद पडून सात वर्षं झाली. कोळसा काढताना उपसलेल्या मातीचा डोंगर कंपनीने उतार देऊन बसवला, त्यावर करंज आणि शिसव लावले. खालच्या खड्ड्यात पाणी भरून तळं झालं. नव्या माणसाला वाटावं, ही टेकडी इथे पहिल्यापासूनच आहे. मंदाकिनी सर्व्हेअर. टेकडी जागची हलते का, हे रोज मोजायचं, एवढंच तिचं काम. उतारावर लोखंडी खांब पुरलेत, त्यांच्या डोक्यावर काचा बसवल्यात आणि समोरच्या काठावरून ती दुर्बिणीने त्यांची जागा टिपते. सात नंबरचा खांब महिनाभर रोज एखाद-दुसरा मिलिमीटर सरकत होता. काल नऊ सरकला. आज एकवीस.

तिने मॅनेजरला फोन केला होता. तो म्हणाला, गुरं अंग घासतात खांबाला, दुसरं काय. मासोळ्यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, घेऊन गाडी नागपूरहून निघालीसुद्धा. साडेतीनला गावातला बायकांचा गट ती पिल्लं तळ्यात सोडणार, आणि सोडणार ती नेमकी सात नंबरच्या खाली. उतार सुरक्षित असल्याच्या कागदावर फक्त सही हवी आहे. मंदाकिनीने ती केली.

पत्रा उन्हाने तडतडतो. तडतड हळूहळू लांब जाते, मग पायांखालून यायला लागते. दारात पैकू मडावी उभा आहे.

पंधरा वर्षं पैकूने तिच्यासाठी उतारावर मोजणीची पट्टी धरली. दोन वर्षांपूर्वी कावीळ झाली आणि तो गेला. हे तिला ठाऊक आहे, पण तोंडावर कसं विचारायचं, म्हणून ती विचारत नाही.

"चाला बाई," तो म्हणतो. "हात लावा जरा. मी एकटा पुरत नाई."

ती उठते. केबिनच्या दाराबाहेर तिच्या वणीच्या घराचं स्वयंपाकघर आहे. गॅसवर भात रटरटतोय आणि फरशीला आडवी भेग गेली आहे. भेगेत बोट जाईल एवढी जागा. तिच्यातून गार हवा येते, थांबते, पुन्हा येते. पैकू सवयीने वाकतो, भेगेवर वीत ठेवून बघतो आणि काही न बोलता भाताचं पातेलं उचलतो.

आता ती दोघं खाणीच्या तळाशी आहेत. तळ कोरडा, काळा, शेणाने सारवलेला. तळ्याचं पाणी वर आहे, छतासारखं, त्यातून हिरवट उजेड झिरपतो. खाली ओळीने पत्रावळी मांडल्यात.

लग्न कोणाचं, असं ती विचारते.

"लगन नाई बाई. पाहुण्या येऊन रायल्या."

"किती?"

"अकरा."

तो भात वाढत जातो. कोणी मांडायला सांगितलं हे तो सांगत नाही, तीही विचारत नाही. शेवटच्या पत्रावळीपाशी तो थांबतो, ती उलटी करतो, पुन्हा सुलटी करतो.

"हे जंगाचं," तो म्हणतो. "माहा हात धजत नाई."

जंगाबाई त्याची बायको. गटाची अध्यक्ष तीच आहे.

"मग नको वाढूस, पैकू."

"मांडाले सांगतलं, म्हनून मांडतो." तो मूठ उघडतो. लग्नाच्या आवतणाला दारोदार पिवळे तांदूळ देतात, तसे मूठभर तांदूळ त्याच्या तळहातावर आहेत. "आवतण अजून माह्याजवळच हाय. साडेतीनले देनं हाय."

"मला दे."

तो हात मागे घेतो. "घेता येते बाई. टाकता येत नाई. ज्याच्या हाती रायलं, त्याचंच ते."

वर कापड फाटल्यासारखा आवाज होतो. मंदाकिनी मान वर करते. पाण्याच्या छतात पावलं उतरली आहेत. जोडव्यांची, भेगाळलेल्या टाचांची, लुगडी घोट्याच्या वर खोचलेली. एकेक पाऊल चाचपत पुढे येतं.

ती पैकूचा हात धरते आणि त्याची बोटं एकेक करून उकलते. बोटं लोखंडासारखी थंड आहेत. तो जोर लावत नाही, पण सोडूनही देत नाही. शेवटचं बोट सुटतं तेव्हा तो तिच्याकडे बघतो, पट्टी धरून उन्हात उभा राहायचा तसा, डोळे बारीक करून.

"पळा आता," तो म्हणतो.

मंदाकिनी जागी होते. तीन वाजून दहा मिनिटं. डावी मूठ आवळलेली आहे, हात खांद्यापर्यंत बधिर. खिडकीतून समोरच्या उताराचा पायथा दिसतो. बायका पदर खोचून पाण्यात उतरू लागल्या आहेत.

एवढ्या लांबून हाका मारून काय ऐकू जाणार? केबिनमागे हाताने फिरवायचा जुना भोंगा आहे. सुरुंग उडवण्याआधी तो वाजायचा. सात वर्षांत त्याला कोणी हात लावलेला नाही. ती उजव्या हाताने दांडा फिरवते. आधी नुसती खरखर, मग भोंगा जो रडू लागतो तो थांबत नाही.

त्या बायका या आवाजात लहानाच्या मोठ्या झाल्या. भोंगा वाजला की खाणीकडे पाठ करून धूम ठोकायची, हे त्यांना कोणी सांगायला नको. बोटुकलीच्या पिशव्या तिथेच टाकून त्या रस्त्याच्या चढाला लागतात. त्यांच्यामागून गाडीचा ड्रायव्हरही पळतो. मंदाकिनीचा फोन वाजत राहतो, मॅनेजरचा. ती दांडा सोडत नाही.

आधी करंज वाकतात. मग ते उभेच्या उभे खाली चालू लागतात. सात नंबरचा खांब एकदा उन्हात चमकतो आणि दिसेनासा होतो. अर्धी टेकडी तळ्यात उतरते आणि पाण्याची भिंत उठून, बायका उभ्या होत्या तिथून गाडी उचलून नेते.

बऱ्याच वेळाने काठावरून फिरून जंगाबाई केबिनपाशी येते. पोटऱ्यांपर्यंत चिखल. सगळ्या वर आल्या, ती सांगते, दोनदा मोजल्या, अकराच्या अकरा. मग म्हणते, "बाई, तुमाले कसं समजलं?"

"खांब सरकत होता," मंदाकिनी म्हणते. ते खोटं नाही. पण सकाळच्या सहीचं ती बोलत नाही. ते उद्या लेखी द्यावं लागेल, मॅनेजरचं नाव घालून आणि स्वतःचंही.

जंगाबाई तिचे हात हातात घ्यायला पुढे होते. मंदाकिनी उजवा देते. डावा तिने पाठीमागे नेला आहे.

जंगाबाई गेल्यावर ती केबिनमागे जाते आणि मूठ उघडते. पिवळे तांदूळ घामाने तळहाताला चिकटले आहेत, हळद रेषांमध्ये उतरली आहे. बाजूला नळ आहे, खाली माती आहे, पलीकडे गावाकडची वाट. ती तिन्हींकडे बघते. टाकता येत नाई, असं पैकू म्हणाला होता.

मग मूठ पुन्हा मिटून ती तशीच घराकडे निघते.