युनियनवाला भोयर

भोयर पहिल्यांदा माझ्या घरी आला तो चप्पल न काढताच. कपाटावर मांडलेली माझी सन्मानचिन्हे त्याने एकेक करून उचलून पाहिली आणि मला म्हणाला, "भाऊ, यातलं काई शिजते का?"

त्या दिवसापासून तो मला आवडला नाही. आजही आवडत नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात; पण मी चौथी शिकलेला माणूस, मला दोन तोंडांनी बोलता येत नाही.

मी ब्रह्मपुरीत एका दैनिकाची एजन्सी चालवायचो आणि तालुक्याच्या बातम्याही द्यायचो. मी फोनवर सांगायचो, चंद्रपूरच्या कार्यालयात कोणीतरी लिहून घ्यायचे. पगार नव्हता. वर्धापनदिनाच्या पुरवणीला जाहिराती आणायच्या आणि कमिशन घ्यायचे, हीच आमच्याकडची रीत. पण ओळखपत्र होते. ठाण्यात गेलो की बसायला खुर्ची मिळायची. मी कोणाचा नोकर नाही, असे मी छाती काढून सांगत असे.

भोयर पत्रकारांच्या युनियनचा जिल्हा सचिव. अंगाने काटकुळा, आवाजाने फाटका. तालुक्यातालुक्यात फिरून सांगायचा, जाहिराती आणणे बंद करा, आधी नेमणूक मागा. "तुमी मजूर आहा, बातमीचे मजूर," हे त्याचे पालुपद. पत्रकार दिनाला आमचा सत्कार सुरू असला की हा फाटकाशी उभा. "भेटला का नारळ? आता वर्षभर तोच फोडून खाजा."

मी एकदा म्हटले, "तुले मान भेटत नाई म्हणून जळतं तू."

"जळत नाई भाऊ. उपाशी माणूस ढेकर देऊन राह्यला का हासू येते मले."

एका उन्हाळ्यात मोहफुले वेचायला गेलेल्या बाईला वाघाने मारले. पहाटेच कार्यालयाचा फोन आला, फोटो पाहिजे. मी मोटारसायकल काढली. गाव वनखात्यावर चिडलेले होते. प्रेसवालेही सरकारचेच, असे समजून लोकांनी दगड हाणले. मी गाडीसकट नालीत पडलो, मांडीचे हाड मोडले. मी खाटेवर असतानाच कार्यालयाने ओळखपत्र परत मागवले. म्हणे, हा आमचा पत्रकार नाही, पेपर विकणारा आहे.

मी बोलावले नसताना भोयर आला. "आता तरी चालता का?" मोडक्या पायाच्या माणसाला विचारतो. मला भरपाई नको होती, पत्रकार हे माझे नाव परत पाहिजे होते. म्हणून युनियनने माझी आणि बाकी तालुक्यांच्या वार्ताहरांची केस लावली, तेव्हा मी कुबडी घेऊन चंद्रपूरला कामगार कार्यालयात गेलो.

व्हरांड्यात त्याने बजावले, "कोणाचा नोकर नाई, हे आतमंदी बोलू नका. बोलले का तुमचीबी केस गेली अन् बाकीच्या तालुक्यायचीबी."

"मी नोकर म्हणणार नाई," मी म्हटले.

आत मालकाचा वकील हसतच म्हणाला, "हे गृहस्थ स्वतःच गावभर सांगतात, मी कोणाचा नोकर नाही." सुनावणी घेणारे साहेब माझ्याकडे पाहू लागले. भोयर उठला.

"भाऊ, त्या सकाळी फोटोले कोणाच्या सांगण्यावरून गेले?"

"ऑफिसच्या."

"नाई म्हणता आलं असतं?"

"नाई म्हटलं तर तालुका दुसऱ्याले देतेत."

"मंग तुमी त्यायचे कोण?"

मागच्या बाकावर सगळ्या तालुक्यांचे वार्ताहर बसले होते. त्यांच्यातल्या कित्येकांना मीच या कामात आणले होते. मी भोयरकडे पाहिले. त्याच्या तोंडावर जराही दया नव्हती. असती तर मी उठून गेलो असतो.

"नोकर," मी म्हटले.

"जोरानं सांगा. साहेब लिहून राह्यले."

"नोकर होतो."

आम्ही जिंकलो. निकालात मला पत्रकार म्हटले. बाकीच्यांना नेमणुका मिळाल्या. माझे नोकरीचे वय निघून गेले होते. भोयर पेढे घेऊन आला, तेव्हा मी त्याला दारातच थांबवले.

"राग युनियनमंदी येऊन काढा ना," तो म्हणाला. "इथी एकट्यानं काऊन काढता?"

"पेढे घे अन् जाय," मी म्हटले. तो गेला.

मागच्या हिवाळ्यात तो वारला. शोकसभेत जो उठला तो म्हणाला, भोयरभाऊंनी आम्हाला ताठ मानेने जगायला शिकवले. मलाही बोलायला लावले. मी म्हटले, "माही मान ताठच होती. यानं ती चारचौघांत वाकवली. वाकली म्हणून तुमी आज पगार घेऊन राह्यले. हे खरं आहे, म्हणून सांगतो. पण मी त्याले माफ केलं नाई."

मी फोटोला हार न घालता खाली येऊन बसलो.