लाकडी पक्ष्यांची वस्ती

माझ्या नणंदेच्या घरात पाय ठेवायचा, तर आधी तो धुवावा लागतो. टेबलावर पेला ठेवला की त्या खाली कापड सरकवतात आणि उचलला की न पडलेला डाग पुसतात. लग्न झाल्यापासून मी ताईंसमोर अंग चोरूनच बसत आले आहे. कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवत. त्यांच्या वर्गात बाकांचीसुद्धा रांग सोडायची छाती झाली नसेल.

अशा बाईंनी नोकरीची शेवटची वर्षं एका निर्मनुष्य बेटापायी घालवली, हे मी सांगते तेव्हा लोकांना थट्टा वाटते.

त्या बेटावर पूर्वी सुरय नावाचे समुद्रपक्षी वाळूत अंडी घालत. बोटींतून उंदीर आले, त्यांनी अंडी फस्त केली आणि पक्षी फिरकेनासे झाले. ताईंनी दरवर्षी विद्यार्थी नेले, पिंजरे लावले आणि उंदरांचा पार नायनाट केला. पण पक्ष्यांना हे कळवणार कोण? म्हणून मुलांनी लाकडाचे सुरय कोरले, रंगवले आणि वाळूत रोवले. खाली आपली वस्ती दिसली की वरून जाणारा पक्षी उतरतो, असा त्यामागचा विचार. दोन हंगाम गेले, एकही उतरला नाही. ताई निवृत्तीला आल्या होत्या, आणि कॉलेजने बजावलं होतं की यंदा पक्षी आले नाहीत तर बोट कायमची बंद. ताईंचं जेवण तुटलं होतं.

त्या वर्षी बेटावर स्वयंपाकाला माणूस मिळेना, म्हणून माझी वर्णी लागली. तिथेही तेच. तंबूत शिरताना चपला झटका, भांडी दोनदा विसळा. सकाळी मुलांबरोबर मीही लाकडी पक्षी पाहायला गेले. ताईंनी दोरी धरून ते लावून घेतले होते. सरळ ओळी, दोघांत हातभर अंतर, सगळ्यांची तोंडं एकीकडे आणि प्रत्येक जण लख्ख पुसलेला.

ताईंच्या वर्गातली एक अबोल मुलगी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, हे परीक्षेला बसल्यासारखे दिसतात."

बाकीच्यांनी माना खाली घातल्या. मला हसू आवरेना, म्हणून मी तोंड फिरवलं. आता हिची काही धडगत नाही, असं वाटलं. ताईंनी चष्मा पुसला, पुसलेलाच परत पुसला.

"खरंच की," त्या म्हणाल्या. "कॉपी करतील म्हणून लांब लांब बसवलेत मी."

मग त्या वस्तीची मोडतोड सुरू झाली. खऱ्या वस्तीत असतात तसे पक्षी एकमेकांना खेटून, वाकडेतिकडे, काही तर भांडायला उठल्यासारखे रोवले. पांढरा रंग कालवून मुलांनी विष्ठेचे शिंतोडे उडवायला घेतले. ताईंचा हात काही केल्या उचलेना. पहिला शिंतोडा टाकताना त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे खूळ मीच त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. नंतर मात्र अशा सुटल्या की चष्म्यावर रंग उडाला तरी पत्ता नाही.

महिन्याभराने पुन्हा गेलो. बोट किनाऱ्याला लागायच्या आधीच त्या मुलीने दुर्बीण ताईंच्या हातात दिली. लाकडी पक्ष्यांतल्या एकाने मान वळवली होती. ताईंनी एकदा पाहिलं आणि दुर्बीण माझ्या हातात दिली. पाचसहा जोड्या होत्या. उतरून पाहिलं, तर वाळूत ठिपक्याठिपक्यांची अंडी होती. मी रडले. ताईही रडल्या, आणि डोळे पुसायचं विसरल्या.

बोट चालू राहिली. आता मुलांना ती मुलगी नेते. निवृत्तीच्या दिवशी विद्यार्थ्यांनी बेटावरचा एक लाकडी सुरय ताईंना दिला. तो त्यांच्या काचेच्या कपाटात आहे. परवा मी गेले, पाय धुतले, आत आले. कपाट उघडंच होतं. पक्ष्याच्या डोक्यावरून पाठीपर्यंत वाळलेला पांढरा ओघळ दिसला, तशी मी फडका घेऊन पुढे झाले.

ताईंनी माझा हात धरला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तो आपण रंगवलेला नाही."