कल्याणचं नाचघर आणि खडवलीची सनई

मी गाव सोडलं तेव्हा अख्खं खडवली स्टेशनवर लोटलेलं, बायका डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या आणि स्टेशनमास्तरने माझ्यासाठी गाडी रोखून धरली, असं मी आजवर शेकडो लोकांना सांगितलंय. पण तुम्ही खडवलीचेच, तुमच्यापुढे हे कसं खपणार? फलाटावर मला पोचवायला तिघं होती. आई, आबा आणि एक शेळी. त्यातली शेळी आमची नव्हती. आईने भाकऱ्यांचं फडकं हातात दिलं. आबांनी काहीच दिलं नाही. इंजिनाचा धूर दिसला तेव्हा एवढंच म्हणाले, "सनई नेऊ नकोस. ती देवीची आहे, पोटाची नाही."

आमच्या घराला गावदेवीच्या पालखीचा मान. पौषातल्या जत्रेला आमच्यातल्या कोणीतरी सनईचा पहिला सूर लावायचा, मगच भोई पालखी खांद्यावर घ्यायचे. आमच्या खापरपणजोबांची सनई ऐकायला भातसा नदी वाट वाकडी करून देवळाजवळ आली, असं आम्ही सांगतो, आणि नदी खरोखरच तिथे वळते, हा पुरावा. पण मान पालखीचा असला तरी पोट लग्नांवर चालायचं, आणि जर्मनची लढाई संपली तसा लग्नांत भाड्याचा कर्णा आला. एक माणूस, एक ग्रामोफोन आणि आंब्याला बांधलेला कर्णा. त्याला ना जेवण लागे, ना विडी. दोन हंगाम आम्ही घरी बसून काढले. तेवढ्यात डोंबिवलीचा किसन ढोलकीवाला सांगत आला, की कल्याणच्या रेल्वे कॉलनीतल्या नाचघरात क्लॅरिनेट वाजवणारा साहेब विलायतेला गेलाय आणि तिथल्या मास्तरला दमसासाचा माणूस हवाय.

मी म्हटलं, फुंकेचं काम ते फुंकेचं. सनई काय नि क्लॅरिनेट काय.

नाचघर ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाहेरून ते मालधक्क्याच्या गोदामासारखं दिसायचं. आत मात्र सागवानी फळ्यांची जमीन. शनिवारी दुपारी तिच्यावर मेणबत्त्या किसून टाकायच्या, गोणपाटावर एका माणसाला बसवायचं आणि दुसऱ्याने त्याला ओढत फिरायचं. संध्याकाळपर्यंत जमीन अशी व्हायची की माशी बसली तर घसरत जाऊन भिंतीवर आपटायची. मग यायचे अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, गार्ड, फोरमन. आठवडाभर कोळशाने माखलेली माणसं पांढरे शर्ट घालून आपापल्या मडमांच्या कमरेला हात घालायची. एका गार्डाची मडम एवढी भरभक्कम होती की ती गिरकी घ्यायची तेव्हा तिच्या झग्याच्या वाऱ्याने पत्रीपुलावरचा कंदील विझायचा. निदान किसन तरी तसं शपथेवर सांगायचा, आणि किसनची शपथ मी कधी खोटी पाडली नाही, कारण माझ्या शपथा तो खोट्या पाडत नसे.

बँडचा मालक लोबो मास्तर. गोव्याचा माणूस, पियानोवर बसायचा. पहिल्या दिवशी मी क्लॅरिनेटमधून जमेल तसं काढलं, ते ऐकून त्याने कपाळाला हात लावला.

"बाबा, फुंक तुजी बैलाची हाय, पन तू रडवतो रे! लोक हितं नाचायला येतात, मयताला न्हाय. सूर घसरवू नको. एक एक पायरी उतर, सायबासारखा."

मी पायऱ्या उतरायला शिकलो. सनईची पत्ती नुसत्या ओठांत धरायची असते, दात लागता कामा नये. क्लॅरिनेटच्या चोचीवर मात्र वरचे दात घट्ट रोवायचे आणि खालचा ओठ आत दुमडायचा. सुरुवातीला ओठ इतका सोलवटला की आमटीचा घोट घेतला की डोळ्यांत पाणी. मग आतून घट्टा पडला. सनईच्या भोकावरून बोट सरकवायचं असतं, इथे ते टपकन उचलायचं. तेही जमलं. किसनला ढोलकीवरून इंग्रजी ड्रमावर बसवलं होतं. नाचघराच्या मागच्या खोलीत आम्ही दोघं भात शिजवायचो आणि बोटांनी ताटांवर वॉल्ट्झ वाजवायचो. मी गावी बूट घालून आलेलो, आठवतंय? तुमच्यातल्या निम्म्यांना मी सांगितलं की लाटसाहेब माझ्या फुंकेवर नाचतो. लाटसाहेब कसला, लोको शेडचा फोरमन. पण नाचायचा मात्र लाटसाहेबासारखा.

मग मुंबई राज्यात दारूबंदी आली. नाचघराचा एक पाय तिने मोडला आणि दुसरा आगबोटीने. इंग्रज गेल्यावर ह्या अँग्लो-इंडियन लोकांना कळेना आपण कोणाचे. विलायत त्यांनी फक्त बिस्किटाच्या डब्यावर पाहिलेली, तरी तिला 'होम' म्हणायचे. एकेक घर निघालं. कोणी लंडनला, कोणी पर्थला. त्यांची एक रीत होती. जाणाऱ्या कुटुंबाच्या शेवटच्या शनिवारी बाकी सगळे भिंतीला लागून बसायचे आणि मधल्या जमिनीवर ते एकच कुटुंब नाचायचं. आजीपासून कडेवरच्या पोरापर्यंत. आम्ही संथ वॉल्ट्झ धरायचो. कोणी टाळ्या वाजवत नसे. पर्थला गेलेल्या प्रत्येकाला मी असा पोचवलाय.

बँडातलेही निघून गेले. सॅक्सोफोन गेला, त्याच्या जागी बाळकुमचा बासरीवाला आला. व्हायोलिन गेलं, त्या खुर्चीवर कोपरीच्या भजनी मंडळातला एकजण पेटी घेऊन बसला. शेवटी लोबो मास्तर सोडला तर सगळा बँड भाकरी खाणारा, आणि समोर नाचायला चार जोडपी. एक गोष्ट तेव्हा कळली. माणसं गर्दीने असली की ती आवाज पिऊन टाकतात. नाचणारे कमी होत गेले तसा आमचा आवाज मोठा होत गेला. भिंतींवर आपटून आमच्याच अंगावर यायला लागला. लोबो मास्तर पियानोवरून मान न वळवता म्हणायचा, "हळू, बाबा. घर रिकामं झालं."

त्याच थंडीत आईचा निरोप आला. आबांचा दमा वाढलाय, जत्रेला सूर लावायला ये, नाहीतर मान जाईल.

मी शनिवारचा नाच उरकून आलो. सराव केला नाही. सात पिढ्यांची सनई, ती काय सराव मागते? देवळापुढे भोई वाकून उभे, आबा पायरीवर घोंगडी लपेटून बसलेले. त्यांनी स्वतः सनई माझ्या हातात दिली. मी पत्ती तोंडात घेतली आणि सवयीने वरचे दात रोवले. पत्ती चिरली. तो आवाज तुम्हाला ऐकू आला नसेल, आबांना आला. दुसरी लावली. सूर निघाला, पण जिथे तो वरून खाली घसरायला हवा तिथे तो टाकटाक पायऱ्या उतरला. बोटं सरकतच नव्हती, उचलली जात होती. एक बाई खुदकन हसली, "अगं बाई, ह्याची सनई विंग्रजी बोलतेय!" मग पोरं हसली. मी पुन्हा धरली, पुन्हा तेच. गावपाटील दोनदा खाकरले. "आबा, देवी ताटकळलीय."

आबांनी हात पुढे केला, सनई घेतली, ओठांना लावली. छाती भरून आली आणि तिथेच अडकली. खोकल्याने ते दुमडले. सनई खाली ठेवून म्हणाले, "उचला. कोरडी न्या."

पालखी नुसत्या ढोलावर गेली. आमच्या घराच्या आठवणीत पहिल्यांदा. पुढल्या साली पाटलांनी टिटवाळ्याकडचे वाजंत्री आणले, आणि मान जो गेला तो गेला.

घरी जाताना मी वाट पाहत होतो, आबा शिव्या देतील, काठी घालतील. ते माझ्या खांद्याला धरून चालत होते, कारण दम पुरत नव्हता. म्हणाले, "अरे, तोंड जिथं जेवतं तिथलं होतं. त्यात तुझा काय गुन्हा?" एवढं बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं. काठी बरी पडली असती.

पावसाळ्याच्या तोंडाशी आबा गेले. नाचघर त्याच्या पुढल्या वर्षी बंद झालं. शेवटच्या शनिवारी लोको शेडचा तो फोरमन एकटाच आला. त्याची मडम आदल्या महिन्यात वारलेली. तो जमिनीच्या मधोमध उभा राहिला, नाचला नाही, आणि वॉल्ट्झ संपल्यावर लोबो मास्तरचा हात हातात घेऊन निघून गेला. मग तिथे धान्याची पोती आली, आणि मेणाच्या वासाने की कशाने, इतके उंदीर झाले की मांजरं राजीनामा देऊन पळाली. लोबो मास्तर मुंबईला भावाकडे गेला. मी कल्याणलाच राहिलो, लग्नाच्या बँडात लाल कोट घालून वरातीपुढे चालतो. भाड्याच्या कर्ण्याने मला गावातून हाकललं, आता मी त्याच्याशी पैज लावून फुंकतो, आणि कधीकधी जिंकतोही.

पौषात मात्र मी खडवलीला येतो. तुम्ही पाहिलं असेल, मागे पिंपळाच्या पाराला टेकून उभा असतो. टिटवाळ्याचा पोरगा वाजवतो चांगलं. पण पहिल्या सुरानंतर जिथे आबा श्वास न तोडता खाली घसरत जायचे, ती जागा तो सोडून देतो. त्याला ती ठाऊक नाही. गावात आता कोणालाच ठाऊक नाही. तुम्ही 'देवीच्या नावानं' म्हणून ओरडता, पालखी उठते, आणि ती जागा येते तेव्हा मी पाराशी ओठ मिटून उभा असतो. तिथे काय वाजायला हवं ते मला पुरतं ऐकू येतं. काढता येत नाही. घर म्हणून माझ्याकडे उरलंय ते तेवढंच.