रक्तातली रखवाली

माझ्या बायकोच्या मामांइतका देवाला कामाला लावणारा माणूस उभ्या मीरा-भाईंदरमध्ये झाला नाही, आणि आता होणारही नाही. रत्नागिरीकडे शुभकार्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यानं देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि त्याच्या दर थांब्याला बाकीच्यांनी ‘होय महाराजा’ म्हणायचं, ही जुनी रीत. मामांनी ती गणपती-लग्नापुरती ठेवलीच नाही. सोसायटीची लिफ्ट दुरुस्त झाली, घाला गाऱ्हाणं. शेजाऱ्यांकडे फ्रीज आला, फोडा नारळ. काशीमीऱ्याला त्यांचं ट्रकांचं गॅरेज होतं. इंजिन उघडण्याआधी मामा हात जोडून उभे राहत आणि ड्रायव्हर निमूटपणे चपला काढत. एका हरियाणवी ड्रायव्हरनं एकदा विचारलं, “मामा, ये बोलने से माइलेज बढ़ेगा क्या?” “माइलेज का पता नहीं, ब्रेक लगेगा,” मामा म्हणाले. तेव्हापासून तो सगळ्यांत मोठ्यानं ‘होय महाराजा’ ओरडायचा.

दुसरा अभिमान तब्येतीचा. “आमच्या रक्तातली रखवाली कडक हाय, जावईबापू. ताप दारात येतो नि माघारी जातो.” तरीही बेव्हर्ली पार्कच्या त्यांच्या घरात किराईताचा काढा कायम उकळत असे, आणि तो दुसऱ्यांसाठी असे. त्यांच्याकडे शिंक आली की मी नाक दाबून बाल्कनीत पळायचो. इतका कडू पदार्थ इतक्या प्रेमानं पाजणारा माणूस मी पाहिलेला नाही. त्याच रक्ताचा त्यांचा थोरला भाऊ आणि धाकटी बहीण, म्हणजे माझ्या सासूबाई, दोघंही ऐन चाळिशीत धाप लागून गेले, हे मात्र ते बोलत नसत. घरात त्याला जागेवाल्याचा, म्हणजे गावच्या जागेची राखण करणाऱ्या देवाचा, कोप म्हणत. आई गेल्यावर माझ्या बायकोला मामा-मामींनीच वाढवलं.

मग एका पावसाळ्यात मामांना ताप आला आणि माघारी गेला नाही. गेला तेव्हा पायांवर सूज ठेवून गेला. दोन पायऱ्या चढले की मामा कठड्याला धरून, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे उभे राहत. तपासण्या झाल्यावर डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवलं. हृदयाचा स्नायू सैल पडून फुगला होता. “शरीराचं रक्षण करणाऱ्या यंत्रणेची जनुकं प्रत्येकात थोडी वेगळी असतात,” त्या म्हणाल्या. “काहींच्यात ती अशी असतात की ताप गेल्यावरही यंत्रणा थांबत नाही, आपल्याच हृदयावर उठते. तुमच्या घरात दोघं तसेच गेलेत. हे रक्तातून पुढे जाऊ शकतं. जाईलच असं नाही, पण मुलाभाच्यांनी तपासून घ्यावं.”

मामांनी आपल्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाले, “म्हणजे रखवालदारच घर फोडतोय?”

त्यांना मूलबाळ नव्हतं. होती ती ही एक भाची. तिनं साफ नकार दिला. “मला काही होत नाहीये. कशाला उगाच खोदायचं?” मामांनी समजावलं, रागावले, अबोला धरला. ती ढिम्म. भीती तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती आणि मला तिला जवळ घेण्यापलीकडे काही सुचत नव्हतं.

त्या वर्षी गणपतीत मामांनी खुर्चीत बसूनच गाऱ्हाणं घातलं. दम पुरत नव्हता, त्यामुळे थांबे भलत्याच जागी येत होते आणि आम्ही सवयीनं अर्ध्या वाक्यांना ‘होय महाराजा’ म्हणत होतो. पोरंटोरं हसायला लागली.

“बा देवा महाराजा, आज ह्या गणपतीसमोर... माझ्या बहिणीची लेक...”

“होय महाराजा!” सगळ्यांबरोबर तीही म्हणाली.

“...डॉक्टरकडं जावन काळीज तपासून घेईल, असा शब्द देते हाय...”

तिचा हात तोंडावर गेला. देवापुढे गेलेला शब्द आमच्याकडे परत घेत नाहीत.

“फसवलंस मला, मामा,” ती म्हणाली.

“फसवलं गो बाय,” मामा धापत म्हणाले. “आता जा.”

तिनं दिवाळीनंतरची वेळ घेतली. दिवाळी मामांनी पाहिली नाही. झोपेतच गेले.

तेराव्यानंतर ती स्वतःहून गेली. हृदय किंचित मोठं झालं होतं. “अगदी सुरुवात आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “गोळ्यांनी आवरेल. वेळेत आलात.” बाहेर येऊन तिनं रिक्षावाल्याला बेव्हर्ली पार्क सांगितलं. घरी न जाता तिकडे का, हे मी विचारलं नाही.

मामींनी दार उघडलं. रिपोर्टची पिशवी बघूनच त्यांचा चेहरा उतरला. “वाचेल ना रे ही?” त्यांनी मला विचारलं.

“वाचेल, मामी. वेळेत कळलं.”

मामी तिला घट्ट धरून रडल्या. ती मात्र त्यांच्या खांद्यावरून आतल्या खोलीकडे बघत राहिली. ज्याला हे सांगायला ती धावत आली होती, तेवढा एकच माणूस घरात नव्हता.