रंग खाणारं तोंड

“हिचं तोंड रंग खातं. मिठागरातली कातडी, दुसरं काय!”

चैत्रात शाळेचं नाटक होतं. पहिला अंक नुकताच संपलेला. मी राणी. बोलल्या त्या काकू, ज्यांच्या केळीच्या वाडीत मांडव घातला होता. त्यांनीच आपल्या डबीतला गुलाबी लेप माझ्या तोंडाला फासला होता. तासाभरात तो मातकट झाला. अख्खा मांडव हसला. तेरा वर्षांची होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकूंनी माझा शालू उतरवून आपल्या भाचीला नेसवला. भाची गोरीपान. संवाद तिला पाठ होते, गाणं तेवढं येत नव्हतं. तिलाही तोच लेप लावला.

मी पडद्याआड बसून बघत होते. गॅसबत्त्यांची धग. भाचीच्या कपाळावर घाम, नाक तेलकट. बघता बघता तिचंही तोंड मातकट झालं. अगदी माझ्याइतकंच. कुणी हसलं नाही. काकूंनी रुमालानं टिपलं. म्हणाल्या, “किती उकडतंय गं बाई!”

म्हणजे तिचा रंग बदलला उकाड्यानं, आणि माझा कातडीनं.

मिठागरात वाढलेल्या पोरीला हे आधीच कळायला हवं होतं. कोरडा चिखल पांढुरका असतो, पाणी लागलं की काळा पडतो. लेपाचंही तेच. घाम आणि तेल मुरलं की तो काळवंडणारच, खाली तोंड कुणाचंही असो. एवढी साधी गोष्ट. जन्मभर सांगतेय. आता सांगायचाही शीण येतो.

शेवटी राणीचं गाणं होतं. काकू आल्या, गोड आवाजात म्हणाल्या, “तू इथूनच गा. ती पुढं नुसते ओठ हलवील.”

“गाईन तर पुढं येऊन. माझ्या तोंडानं.”

“तोंड बघितलंस का आरशात?”

“तिचंबी बघितलं.”

माझी आई धावत आली. कानाशी लागून म्हणाली, “गा गो पोरी. उद्या यांच्याच विहिरीवर पानी भराया जायचंय.”

खरं होतं. भीती मलाही वाटत होती. तरी मी तोंड धुतलं आणि घरी गेले.

नाटक गाण्यावाचून संपलं. दुसऱ्या दिवसापासून काकूंची विहीर आम्हाला बंद. लांब माणिकपूर गावाच्या बाजूनं हंडे आणायचे, भर उन्हात. मान मोडून यायची. आई चिडायची, रडायची. मी हंडा उचलायचे आणि मनाशी रोज तेच म्हणायचे : पाणी लांबून आणीन, पण माझा आवाज दुसऱ्याच्या तोंडात घालणार नाही.