खिडकीबाहेरचा आरोपी

तुम्ही मंडळी कादंबऱ्या वाचता. त्यांतलं कोर्ट कसं ऐटदार असतं! वकील गरजतो, आरोपी थरथरतो आणि शेवटच्या पानावर न्याय मिळतो. मी तरुणपणी ज्या कोर्टात कारकून होतो, तिथं वकील गरजला तर कौलांवरचे कावळे उडायचे, एवढंच! मुरुड आणि श्रीवर्धनच्या मध्ये, खाडीकाठी, सुपारीच्या वाडीला चिकटून ते कोर्ट होतं. साक्षी मी इमानानं लिहून घ्यायचो, पण जे लिहायचं नसे तेच डोक्यात राहायचं. पेन्शनीत निघालो तेव्हा कागद सरकारकडे राहिले आणि किस्से माझ्याबरोबर आले.

आज सांगतो ते सगळे एकाच खटल्याच्या तारखांचे. भिवाच्या.

भिवा महारवाड्यातला. आबा खोतांच्या वाडीचं कुंपण घालायला गेला आणि त्याच संध्याकाळी खोतांच्या देवघरातली चांदीची समई गेली. मग काय, धरा भिवाला! गुन्हा शाबीत झाला तर सहा महिने तुरुंग. घरी बायको गरोदर, पहिलटकरीण, आणि तिच्याकडे बघायला दुसरं माणूस नाही.

आता पंचाईत बघा. आरोपी कोर्टात हजर पाहिजे, पण भिवाला कोर्टात घ्यायचं कसं? विटाळ! आमच्याकडची वहिवाट अशी, की त्याच्या जातीच्या माणसानं बाहेर अंगणात, उंडीच्या झाडाखाली उभं राहायचं. साहेबांचा, म्हणजे आमच्या मॅजिस्ट्रेटचा, प्रश्न पट्टेवाल्या गेनूनं खिडकीतून बाहेर ओरडायचा आणि उत्तर आत ओरडायचं. त्या खिडकीचा मला अजून राग येतो.

*

पहिल्याच तारखेला साहेबांनी गेनूला भला लांब प्रश्न दिला. आरोपीनं अमुक दिवशी, अमुक वेळी, फिर्यादीच्या कबजातली चीजवस्तू लबाडीच्या इराद्यानं वगैरे वगैरे.

गेनूनं खिडकीतून मान काढली. "ए भिवा, समई उचललीस काय रं?"

बाहेर भिवा बोलायला लागला तो थांबेचना. हातवारे करतोय, डोळे पुसतोय, परत बोलतोय. शेवटी गेनू आत वळला आणि म्हणाला, "न्हाय म्हंतोय."

साहेब चिडले. "एवढा वेळ बोलत होता तो! आणि तू 'नाही' एवढंच सांगतोस?"

"त्येवढंच कोर्टाचं हाय, साहेब. 'मी आत गेलोच न्हाय' म्हंतोय. बाकीचं त्याच्या बायकोचं हाय. तिला सातवा लागलाय, वकाऱ्या थांबत न्हाईत. त्ये पण लिवून घ्यायचं?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी टाक खाली ठेवला.

*

आमचे साहेब देशावरचे, पक्के शाकाहारी. बदली होऊन आल्यापासून मासळीच्या वासानं बेजार! कोळीवाड्यातला साक्षीदार आला की साहेबांचा रुमाल नाकाला गेलाच. वर पुटपुटायचे, "ह्या लोकांना स्वच्छतेचं वावडं आहे."

भिवाच्या दुसऱ्या तारखेला त्याच्या आधी ठकूबाई कोळणीची साक्ष होती, कसल्या तरी बांधाच्या भांडणात. ती पिंजऱ्यात चढायच्या आधीच साहेबांचा रुमाल वर.

"बाई, ती मासळीची पाटी आधी कोर्टाबाहेर नेऊन ठेवा बघू!"

ठकूबाईनं दोन्ही हात रिकामे करून दाखवले. "पाटी कुठाय साहेब? ती मगाशीच तुमच्या बंगल्यावर रिकामी करून आले. बाईसाहेबांनी समदी पापलेटं ठेवून घेतली. दर बुधवारी घेतात!"

सगळं कोर्ट छताकडे बघायला लागलं. त्या दिवसानंतर साहेबांचा रुमाल खिशातून निघाला नाही. आणि बुधवारी साहेब जेवायला घरी जायचे ते जरा लवकरच!

*

भिवाचं वकीलपत्र नानासाहेबांनी घेतलं होतं. नानासाहेब खाडीपलीकडे राहायचे. वकील हुशार, पण आळशी. अर्धा युक्तिवाद विडा चघळण्यात जायचा. तिसऱ्या तारखेला ते आले तेव्हा साहेब तासभर वाट बघून तापलेले. ओहोटीमुळे होडी किनाऱ्याला लागेना, म्हणून हसन तांडेलानं नानासाहेबांना खांद्यावर घेऊन चिखलातून आणलेलं. अंगात काळा कोट, डोक्यावर पगडी आणि लोंबत्या पायांना गुडघ्यापर्यंत चिखल!

"वकीलसाहेब, कोर्टाची वेळ अकराची आहे!"

"मला ठाऊक आहे, साहेब. खाडीला ठाऊक नाही. तिच्यावर समन्स काढा!"

साहेबांना हसू आवरेना. पण त्या हसण्यात वेळ गेला आणि भिवाला पुढची तारीख पडली. बाहेर उंडीखाली तो दिवसभर उपाशी उभा होता. गेनूनं स्वतःची भाकरी खिडकीतून खाली टाकली, हातात दिली नाही हं. टाकली! तरीसुद्धा गेनू आम्हा सगळ्यांपेक्षा बरा म्हणायचा.

*

मग खोतांचे साक्षीदार आले. तिघे. तिघांनी भिवाला पहाटे गाठोडं घेऊन जाताना बघितलेलं. तुम्ही तिथं कशाला गेला होता, असं विचारलं की तिघांचं उत्तर एकच. "तांब्या घेऊन निघालो होतो, साहेब."

आमच्या कोर्टात ही नेहमीचीच गोष्ट. चोरी, मारामारी, बांध सरकवणं, काय वाट्टेल ते होवो, ते बघणारा माणूस तांब्या घेऊनच निघालेला असायचा!

नानासाहेबांनी तिसऱ्याला विचारलं, "त्या पहाटे अख्ख्या गावाचं पोट बिघडलं होतं की काय?"

"व्हय की!" तो गडी अगदी मनापासून म्हणाला. "आदल्या दिवशी खोतांकडं सत्यनारायण व्हता ना. मोठं जेवण झालं. समदा गाव जेवला. शिरा तर काय, विचारू नका!"

कोर्ट खो खो हसलं. मीही हसलो. नानासाहेब तेवढे हसले नाहीत. त्यांनी विडा गालात सरकवला आणि मला म्हणाले, "कारकून, हे शब्दाला शब्द लिहून घ्या."

*

शेवटच्या तारखेला सगळा गाव लोटला. बाकांवर जागा नाही. खोतांचे भटजी पहिल्या रांगेत. बाहेर भिवा एकटाच. आदल्या दिवसापासून त्याच्या बायकोला कळा लागल्या होत्या. तो एकदा खिडकीकडे बघायचा आणि एकदा घराच्या वाटेकडे. मला त्याच्याकडे बघवेना.

आबा खोत पिंजऱ्यात उभे राहिले. तिघा साक्षीदारांनी केलेला विचका त्यांच्या कानावर गेला होता, म्हणून पुरावा पक्का करायला ते जोरात म्हणाले, "साहेब, मी स्वतः ह्या डोळ्यांनी पाहिलं! त्या संध्याकाळी, पूजेच्या अगोदर, हा भिवा माझ्या देवघरातून बाहेर आला!"

गावानं माना डोलावल्या. संपलंच, असं मला वाटलं.

नानासाहेब सावकाश उठले. "देवघरातून? नक्की?"

"नक्की!"

"आत शिरला होता?"

"आत शिरल्याशिवाय बाहेर कसा येईल?"

"वाजवी आहे. मग त्या रात्री पूजा कुठं झाली?"

"त्याच देवघरात."

"शुद्धी करून घेतली असेल?"

आबा खोतांनी भटजींकडे बघितलं. पहिल्या रांगेतले भटजी ताठ झाले.

"घेतली नसेल, तर नैवेद्य तिथलाच. शिरा तिथलाच. आणि साक्षीदार म्हणतो, सगळा गाव जेवला." नानासाहेबांनी बाकांकडे हात केला. "हेच ना ते लोक?"

काय सांगू तुम्हाला! बाकांवरचा एकेक माणूस आबा खोतांकडे असा बघायला लागला, जणू तो शिरा आत्ता घशात आलाय. भटजी उभेच राहिले. "आबासाहेब, काय ते नीट सांगा. मला गावात तोंड दाखवायचंय!"

खोतांपुढे आता दोनच वाटा. समई की सोयरीक? घरात मुलगी लग्नाची! शेवटी त्यांचा आवाज खाली आला. "सांजवेळ होती, साहेब. मला नीट दिसलं नाही. माझी चूक झाली. देवघरात कुणी गेलंच नव्हतं."

"कुणीच?"

"कुणीच नाही! भिवा तर मुळीच नाही! त्याचं पाऊल आत पडलेलंच नाही!"

गावानं श्वास सोडला. भटजी खाली बसले. साहेबांनी थोडं लिहिलं आणि वर बघितलं. "आरोपी निर्दोष. गेनू, त्याला सांग, तू मोकळा आहेस. आता कोर्टाबाहेर जा."

गेनूनं खिडकीतून मान काढली आणि ओरडला, "भिवा, सुटलास! साहेब म्हंतात, कोर्टाबाहेर जा!"

भिवानं हात जोडले. घराच्या वाटेला दोन पावलं टाकली, आणि थांबून खिडकीकडे वळला. ह्या वेळी गेनूला आत ओरडून सांगावं लागलं नाही, इतक्या मोठ्यानं तो बोलला.

"साहेब, पैल्या तारखेपासनं मी त्येच सांगतोय! मी आत गेलोच न्हाय. तिथं बी न्हाय, आन् हितं बी न्हाय!"